पाय कधी उचलायचा, ते यंत्राला सांग

पोरी, तू पाठवलेलं गाणं ऐकलं. मंडईच्या जत्रेसाठी मुलींचा नाच बसवतेयस आणि गाणं एआयकडून करून घेतेयस, यात वावगं काही नाही. तुझी तक्रारही खरी आहे. चाल गोड आहे, शब्द बरे बसलेत, ढोलकीही वाजतेय, पण मुलींचे पाय काही उठत नाहीत. तू लिहितेस, ‘बाई, मी सिंकोपेटेड, म्हणजे ठोके मधे सरकवलेलं, असं स्पष्ट लिहिलं होतं, तरी ते आपलं एक-दोन-तीन-चार करत चाललंय.’ आता मुलींना दोष देऊ नकोस आणि यंत्रालाही नको. पाय का उठत नाहीत ते आज नीट सांगते. मग तुझं तुलाच पुढचं सुचेल.

आधी हे यंत्र करतं काय, ते पाहू. मेटा कंपनीने जून २०२३ मध्ये म्युझिकजेन नावाचं साधन खुलं केलं. ते कसं बनवलं हेही त्यांनी उघड सांगितलं, म्हणून त्याचंच उदाहरण घेते. परवाना घेतलेलं सुमारे वीस हजार तासांचं संगीत त्याला ऐकवलं आणि प्रत्येक गाण्यासोबत त्याचं शब्दांतलं वर्णनही दिलं. हे यंत्र मात्रा मोजत नाही. एका सेकंदाचे पन्नास बारीक तुकडे करायचे आणि आधीचे तुकडे बघून पुढचा कोणता असेल याचा अंदाज बांधायचा, एवढंच त्याचं काम. मिनिटाला शंभर ठोके अशी लय धरली तर एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, अर्धी ३०० ची. म्हणजे अर्ध्या मात्रेत असे पंधरा तुकडे बसतात. ठोका मात्रेवर टाकायचा की मधल्या फटीत, हे त्या पंधरा तुकड्यांत ठरतं. आणि ज्या गोष्टीचा अंदाज बांधायचा, तिथे जे सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलंय तेच आधी येणार. बाजारातलं बहुतेक संगीत चार मात्रांच्या सरळ चौकटीत असतं, म्हणून यंत्रही त्या चौकटीत जाऊन बसतं.

त्यात तू लिहिलंस काय? नुसतं एक विशेषण. ‘सिंकोपेटेड’ म्हटल्यावर यंत्राला काय कळणार? जॅझ, फंक, रेगे, लॅटिन नाच, सगळ्यांच्या वर्णनात हा शब्द येतो. मग ते सगळ्यांची सरासरी काढून कुठेतरी एखादी झांज मागेपुढे करतं आणि मोकळं होतं. स्वयंपाकघरात जाऊन ‘चविष्ट कर’ एवढंच सांगितल्यावर जे पानात येईल, ते मुकाट्याने खावं लागतं. तू मागितलं तेवढंच तुला मिळालंय.

आता फोन बाजूला ठेव आणि आठपर्यंत मोज. कहरव्याच्या आठ मात्रा असतात ना, तशा. एक, तीन, पाच, सातला पाऊल टाक. ते चालू राहू दे, थांबवू नकोस. आता टाळी वाजव, पण फक्त एक, चार आणि सातवर. पहिली टाळी पावलाबरोबर पडेल. दुसरी, चारची, दोन पावलांच्या मधल्या फटीत जाईल. पाचला पाय पडेल तेव्हा हात गप्प असतील. सातला दोघं पुन्हा भेटतील. आता सांग, चार आणि पाचच्या मध्ये अंगात काय झालं? कंबर आपोआप हलली असेल. नाच तिथे असतो, पोरी. ठोका पडायला हवा होता तिथे पडला नाही, एक क्षण आधीच पडून गेला, आणि ती उणीव भरून काढायला शरीर पुढे सरकलं.

तीन-तीन-दोन अशी ही मोजणी जगभर फिरलेली आहे. क्यूबामध्ये तिला ट्रेसिओ म्हणतात. आजच्या रेगेटॉन गाण्यांच्या पोटातही तीच आहे. आपल्या भजनी ठेक्याला टाळ्या धरून बघ. तिथेही काही ठोके मात्रेवर न पडता मधे पडतात, म्हणून तर म्हातारी माणसंही बसल्या जागी डोलतात. सगळे ठोके मात्रेवर पडले असते तर कोणी डोललं नसतं.

पण तुझी पावलं थांबली असती तर ती चारची टाळी चुकार वाटली असती का? नाही. ती नुसती एक टाळी राहिली असती. आडवं जाण्यासाठी आधी सरळ काहीतरी लागतं. म्हणून यंत्राला दोन गोष्टी सांगायच्या असतात: कोण हलायचं नाही, आणि कोण कुठे सरकायचं. बहुतेक जण दुसरीच सांगतात. तू तर दोन्ही नाही सांगितल्यास.

हे काही परदेशातून आलेलं नवं शास्त्र नव्हे. तेराव्या शतकात देवगिरीला, यादवांच्या दरबारात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातल्या तालाध्यायात सम, अतीत आणि अनागत असे ग्रहाचे, म्हणजे गाणं तालावर कुठे धरायचं याचे, प्रकार दिलेले आहेत. आजचे वादक हे शब्द वापरतात ते असे: बरोबर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आलात तर सम, सम ओलांडून गेल्यावर आलात तर अतीत, समेच्या आधीच येऊन थांबलात तर अनागत. शिवाय एकाच्या जागी दीड बसवायची आड लय आहेच. हे शब्द एआयच्या चौकटीत टाकून फारसं हाती लागणार नाही, कारण तसं वर्णन लिहिलेली गाणी त्याने क्वचितच ऐकली असतील. पण तुला ते यायला हवेत. स्वतःच्या भाषेत जे नेमकं सांगता येत नाही, ते इंग्रजीत लिहून नेमकं होत नाही.

कान तयार करायला तुला लांब जायला नको. सौंदडच्या स्टेशनावर गाडीत बसलीस की गोंदिया-बल्लारशाचा रूळ अर्जुनीवरून तुला वडशाला पोचवतो. पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टी रंगभूमीची राजधानीच म्हणतात त्या गावाला. दिवाळी झाली की होळीपर्यंत तिथल्या नाटक कंपन्या गावोगाव जातात. मंडई असो की बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, रात्री नाटक हवंच. या परंपरेचं मोल आता बाहेरच्यांनाही कळलंय. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. आपल्या शेजारी साकोलीला राहून हरिश्चंद्र बोरकरांनी इथली झाडीबोली आणि दंडार हे लोकनाट्य यांवर आयुष्यभर काम केलं, ते तुला माहीतच आहे.

या वर्षी नाटक बघायला जाशील तेव्हा वादकांच्या जवळची जागा धर. ऑर्गन, ढोलकी किंवा तबला आणि ऑक्टोपॅड, सगळं तिथे जिवंत वाजत असतं. वादकाची नजर कुठे आहे ते बघ. ती नटाच्या पायावर असते. नटाने गिरकी घेताना पाय हवेत धरला की ढोलकीवालाही हात धरतो. पाय टेकण्याच्या किंचित आधी थाप पडते आणि शामियान्यातून शिट्टी येते. दंडार बघताना तर टाळांकडे लक्ष दे. टाळ सरळ चालतात, कोणाचं ऐकत नाहीत. त्यांच्या जिवावर ढोलकी मस्ती करते. डावीकडचा घुमारा कधी येतो, उजवीकडची टणक थाप कधी येते, आणि कुठे दोन्ही हात मुद्दाम गप्प राहतात, हे वहीत टिपून ठेव. एक ते आठ आकडे लिही, घुमाऱ्याखाली गोल कर, थापेखाली फुली मार, गप्प जागा कोरी सोड. ती वही तुझा खरा प्रॉम्प्ट आहे. बाकी नुसतं भाषांतर.

आता लिहायचं कसं ते सांगते. सुनोसारख्या गाणी करणाऱ्या एआय साधनात दोन चौकटी असतात, एक शैलीची, एक गाण्याच्या शब्दांची. शैलीच्या चौकटीत इंग्रजीत लिहिलेलं त्याला जास्त कळतं, तर इंग्रजीतच लिही, पण आधी मराठीत विचार कर. तुझ्या गाण्यासाठी मी असं सांगितलं असतं: ‘मध्यम लय, मिनिटाला शंभर ठोके. टाळ प्रत्येक ठोक्यावर, शेवटपर्यंत सरळ. ढोलकीचा घुमारा पहिल्या ठोक्यावर, त्यानंतरची थाप ऑफ-बीटवर, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधे, तीन-तीन-दोनच्या गटात. तिसऱ्या ठोक्यावर ढोलकी गप्प. बाई गाते, प्रत्येक ओळ ठोक्याच्या थोडी आधी सुरू होते. वाद्यं मोजकी, मोकळी जागा भरपूर. ड्रम मशीन नको.’ यात विशेषणं किती कमी आहेत बघ. कोण, कुठे, कधी, आणि कोण गप्प, एवढंच आहे. यातलं सगळं ते ऐकेल असं नाही. पण विशेषणाला सरासरी मिळते, जागा सांगितली तर निदान त्या दिशेने तरी पाऊल पडतं.

शैलीची नावं जपून वापर. रेगे लिहिलंस की ऑफ-बीटवरची गिटार लगेच मिळेल, कारण जमैकातल्या त्या संगीताचा कणाच तो आहे. त्यातल्या एका प्रकारात तर ड्रमवाला पहिला ठोका चक्क रिकामा सोडतो. पण त्या एका शब्दाबरोबर जमैकाचं सगळं बिऱ्हाड येतं: तो बास, तो ऑर्गन, गाणाऱ्याचा तो हेल. चूलबंद नदीच्या काठची पोरगी एकदम समुद्रकिनाऱ्यावर जाऊन उभी राहते. फंक आणि लॅटिनचंही तेच. ठेका हवा असेल तर ठेक्याचं वर्णन कर, देशाचं नाव घेऊ नकोस. ‘लावणी’ हा शब्दही बघून घाल, नाहीतर नऊवारीचा झगमगाट येईल आणि तुला हवी होती ती झाडीतली मोकळी चाल हरवेल.

लयीचा आकडा लिहिताना दुगुनीचा घोळ होतो. तुला वाटतं गाणं एकशेसाठचं आहे, पण मुली पावलं टाकतात ऐंशीच्या लयीत. एकशेसाठ लिहिलंस की यंत्र प्रत्येक ठोक्यावर काहीतरी आपटतं आणि मधली फटच उरत नाही. फट नसली तर ठोका सरकणार कुठे? अशा वेळी ऐंशी लिही आणि ढोलकीला दुगुनीत खेळू दे. पाऊल संथ, हात चपळ.

गाण्याच्या शब्दांकडे तर तू बघितलंच नाहीस. माझ्या मते अर्धं काम तिथेच होतं. तुझ्या सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या आहेत आणि प्रत्येक ओळ ठसठशीत शब्दाने सुरू होते. गाणारा आवाज तो शब्द उचलून थेट समेवर ठेवतो. त्याऐवजी ओळीच्या आधी एक हलकं अक्षर ठेव: ‘अगं’, ‘हां’, ‘बाई गं’. ते समेच्या आधी पडेल आणि वजनाचा शब्द समेवर येईल. कधी उलट कर, वजनाचा शब्दच ओळीच्या शेवटी, समेच्या आधी आणून सोड आणि पुढे काही लिहू नकोस. लांब ओळीनंतर दोनच शब्दांची ओळ ठेव. जिथे श्वास हवा तिथे ओळ तोड. चौकोनी कंसात ‘कोरस’, ‘फक्त वाद्यं’ असे भाग इंग्रजीतून सांगता येतात, तिथेच लिही की या भागात ढोलकी एकटी. आणि झाडीबोलीतले शब्द टाकलेस तर उच्चार नीट ऐक. चुकीच्या अक्षरावर जोर पडला तर ठेकाही चुकीच्या जागी पडतो. तसं झालं तर शब्द फोडून, स्वर लांबवून लिहून बघ.

एवढं करूनही जमलं नाही तर सगळ्यात सोपा उपाय आहे: सांगू नकोस, ऐकव. सुनोमध्ये आपलं ध्वनिमुद्रण चढवून त्यावर गाणं रचून घेता येतं. टेबलावर बोटांनी ठेका वाजव, तोंडाने बोल म्हण, फोनवर रेकॉर्ड कर. गावातल्या ढोलकीवाल्या काकांचा ठेका घेणार असशील तर आधी त्यांना विचार, कशासाठी हवाय ते सांग, आणि गाणं वाजेल तेव्हा त्यांचं नाव घे. आयुष्यभर हाताला घट्टे पाडून मिळवलेली गोष्ट आहे ती. तुझ्या फोनला ती अर्ध्या मिनिटात मिळते म्हणून स्वस्त होत नाही.

पैशाचा भागही इथेच सांगून टाकते. सुनोच्या फुकट योजनेत केलेलं गाणं धंद्यासाठी वापरता येत नाही. मुलींनी मंडईत हौसेने नाचणं वेगळं. पण उद्या तेच गाणं तिकीट लावलेल्या नाटकात जाणार असेल किंवा यूट्यूबवरून पैसे मिळवायचे असतील, तर आधी अटी वाच. जून २०२४ मध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी अमेरिकेत सुनो आणि युडिओ या एआयने गाणी करणाऱ्या दोन कंपन्यांवर खटले भरले होते, आमची गाणी न विचारता शिकवायला वापरली म्हणून. २०२५ मध्ये त्यातले काही वाद मिटले, पण नियम अजून बदलताहेत. मागच्या वर्षी कोणीतरी सांगितलेलं या वर्षी खरं असेलच असं नाही.

गाणं हाती आलं की पारखायचं कसं? हेडफोनवर डोळे मिटून ऐकू नकोस. त्याने सगळंच छान वाटतं. उभी राहा, पाऊल टाक आणि ‘एक’ शोध. दोन-चार आवर्तनांत ‘एक’ सापडत नसेल तर ते आडवं-तिरपं नाही, नुसतं विस्कटलेलं आहे, टाकून दे. ‘एक’ लगेच सापडला आणि पुढे काहीच घडलं नाही, तर ते सपाट आहे, पुन्हा लिही. ‘एक’ सापडतो, पण दर वेळी तो येण्याआधी पोटात जरा गोळा येतो, ते ठेव. धानाच्या रोवणीला दोरी लावतात तेव्हा एखादं रोप वाकडं पडलं तर लगेच दिसतं, कारण दोरी सरळ असते. गाण्यातली ती दोरी तुला ऐकू आलीच पाहिजे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कधी कळणार नाही.

आता एक गोष्ट फक्त तुझी-माझी. तुला लहानपणापासून ढोलकी वाजवायची होती, हे तू कधी बोलली नाहीस, पण मी बघितलंय. दंडार चालली की सगळ्या बाया नाचणाऱ्याकडे बघायच्या आणि तू वादकाच्या हाताकडे. आपल्याकडे दंडारीत बाईची सोंगंसुद्धा पुरुषच घ्यायचे. आपल्या वाट्याला बघणं आलं. पोरीने ढोलकीला हात लावला की कोणी रागवायचं नाही, नुसतं हसायचे. त्या हसण्यानेच हात मागे यायचा. म्हणून रात्री सगळे झोपल्यावर फोनवर ठेके जुळवत बसतेस, ते मला कळतं. तिथे कोणी हसत नाही. हवं ते माग, नाही आवडलं तर पुन्हा माग. यंत्राचा सगळ्यात मोठा उपयोग मला तोच वाटतो.

पण तिथेच राहू नकोस. कोणता ठोका रिकामा, कोणता सरकवलेला, टाळ कुठवर सरळ, हे यंत्राला समजावता समजावता तुला नेमकं मागायची सवय लागेल. ती सवय तालमीत वापर. मंडईच्या तालमीला काका ढोलकी घेऊन बसले की ‘जरा वेगळं वाजवा ना’ असं म्हणू नकोस. ते यंत्राला सांगितलेल्या विशेषणासारखंच आहे. म्हण, ‘काका, दुसऱ्या कडव्यात तिसऱ्या ठोक्याला हात धरा, मुलींचा पाय तिथे वर आहे. थाप त्यांचा पाय टेकायच्या जरा आधी द्या.’ ते आधी तुझ्याकडे बघतील. मग वाजवून बघतील. ढोलकीवाला कितीही तिरसट असला तरी नेमकं बोलणाऱ्या माणसाचं ऐकतो, कारण तसं बोलणारं माणूस त्याला क्वचित भेटतं. आणि ते जे वाजवतील ते तुझ्या फाइलपेक्षा सरस असेल. त्यांना मुलींचे पाय दिसतात, यंत्राला दिसत नाहीत. मग यंत्राचं गाणं तालमीपुरतं ठेवायचं की मंडईतही लावायचं, ते तू आणि मुली मिळून ठरवा.

दिवाळी जवळ येतेय आणि धान कापणीच्या धांदलीत कोणाला तालमीला वेळ मिळायचा नाही, आणि नाटकांचा हंगामही अजून यायचाय, तेव्हा या आठवड्यात काकांच्या ढोलकीवरूनच वहीचं पहिलं पान भरून घे. पुढचं गाणं पाठवशील तेव्हा नुसती फाइल पाठवू नकोस. वहीतल्या त्या पानाचा फोटो, तू चौकटीत लिहिलेला मजकूर आणि मुलींचा नाचतानाचा व्हिडिओ, तिन्ही पाठव. मी आधी व्हिडिओ आवाज बंद करून बघणार आहे. मुलींच्या पायांवरून मला ढोलकी कळली, तर समज गाणं झालं.